उन्हाळ्यातली धाव आणि भिंतीवरचे कॅलेंडर

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच माणूस घराबाहेर पडत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत पहाटे साडेचारला कधी आमच्या वस्तीमागच्या मैदानावर आलात, तर तेथे चांगलीच जाग दिसेल. अंधारात वीस-पंचवीस मुले आणि सहा-सात मुली चुन्याने आखलेल्या फेरीवर धावत असतात. कोणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कोणाच्या पायात थोरल्या भावाचे जुने बूट, तर एखादा अनवाणी. वस्तीत त्यांना 'भरतीची पोरं' म्हणतात.

यांपैकी कोणाला महाराष्ट्र पोलिसांत जायचे असते, कोणाला सैन्यात, तर कोणाला सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल यांसारख्या केंद्राच्या दलांत. या केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीला दहावी पास ही पात्रता आहे, आणि २०२४ पासून तिची लेखी परीक्षा मराठीतूनही देता येते. त्यामुळे आमच्या वस्त्यांतून अर्ज भरणारी मुले वाढली आहेत. लेखी परीक्षेत निभावले की पुढे मैदान असते. मुलांना पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत आणि मुलींना सोळाशे मीटर साडेआठ मिनिटांत धावावे लागते. या धावेला गुण नाहीत. वेळेत आला तो पात्र, एक सेकंद उशीर झाला तो घरी.

या वेळेसाठी उन्हाळाभर सराव करताना मुलांचे मन खचते, आणि खचलेल्या मनाला घरच्यांनी कसा हात द्यायचा, याविषयी आज लिहायचे आहे. यात एक चूक आमचीही आहे. ती आधीच कबूल केलेली बरी.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. वडील ठिय्यावर उभे राहून मिळेल ते बांधकामाचे काम करतात. बहीण चार घरची भांडी घासते. घर टिनाचे. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने केंद्रीय दलांची लेखी परीक्षा दिली. पेपर बरा गेला होता. पण त्या परीक्षेचा निकाल लागला जूनच्या मध्यात, आणि मैदान सुरू झाले ऑगस्टच्या उत्तरार्धात. म्हणजे मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने मुलांनी धावायचे ते आपले नाव यादीत येणार की नाही हे ठाऊक नसताना. कारखान्यात महिनाभर राबलो तर पगाराची तारीख ठरलेली असते. इथे तसे काही नाही. राबायचे आधी, आणि बोलावणे येईल की नाही ते नंतर कळायचे. अशा वेळी पहाटे चारला अंथरूण सोडायला किती जिवावर येत असेल, याचा विचार आपण मोठी माणसे करत नाही. आम्हीही केला नव्हता.

मार्चमध्ये भाच्याने मित्राच्या मोबाईलवर वेळ लावून पाच किलोमीटर काढले, ते चोवीस मिनिटे पन्नास सेकंदांत. म्हणजे पन्नास सेकंद कमी करायचे होते. मोठ्या उमेदीने तो कामाला लागला. एप्रिलच्या मध्याला पुन्हा वेळ लावली, तर सव्वीस मिनिटे वीस सेकंद लागले. महिनाभर रोज धावून तो दीड मिनिट मागे गेला होता. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि ओसरीवर खाली मान घालून बसला.

"मामाजी, मी तर मागंच जाऊन राहिलो. काऊन पळायचं मग?"

त्या वेळी आम्ही काय म्हणावे? आम्ही म्हणालो, "तुझा घामच कमी पडून राहिला. जोर लाव अजून." एवढ्यावर न थांबता पलीकडच्या गल्लीतल्या, आदल्या वर्षी भरती झालेल्या मुलाचे उदाहरणही दिले. त्याला धीर दिला असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात आम्ही त्याच्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेऐवजी संध्याकाळी पाचला मैदानावर गेला. पहाटे धावून वेळ सुटत नाही, तर तापलेल्या मैदानावर धावून शरीर पोलादाचे करू, असे त्याच्या मनाने घेतले. धावण्याआधी पाणी पिऊ नये, पोट जड होते, असेही कोणीतरी सांगितलेले. आठव्या फेरीला त्याचे पाय वाकडेतिकडे पडू लागले. मित्रांनी हाक मारली तर तो भलतेच बोलू लागला आणि "माझी सायकल कुठाय?" असे विचारू लागला. सायकल त्याने आणलीच नव्हती. मग तो कोसळला. मित्र शहाणे निघाले. त्यांनी त्याला उचलून सावलीत नेले, शर्ट काढला, जवळच्या नळाच्या बादल्या अंगावर ओतल्या आणि ऑटोत घालून दवाखान्यात नेले. दोन रात्री तो तेथे होता.

बहीण त्याच्या उशाशी बसली होती. आम्ही गेलो तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, तू म्हणलं म्हणून तो गेला."

वाचकहो, त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. पण त्या दोन दिवसांत दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जे समजावून सांगितले आणि नंतर वस्तीतल्या एका निवृत्त जवानाने मुलांना जे शिकवले, ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी, की मुलगा मागे गेलाच नव्हता. आपण धावतो तेव्हा शरीरात उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्त कातडीकडे पाठवते आणि घाम काढते. म्हणजे उन्हाळ्यात हृदयाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात, पायांना रक्त पुरवायचे आणि अंगही थंड ठेवायचे. त्यामुळे तेवढ्याच मेहनतीत वेग कमी पडतो. गार पहाटेच्या मानाने किलोमीटरमागे वीसेक सेकंद जास्त लागणे साहजिक आहे. पाच किलोमीटरचा हिशोब केला तर दीड-दोन मिनिटे होतात. भाच्याचे दीड मिनिट तेवढेच होते. म्हणजे घड्याळ मुलाची तब्येत सांगत नव्हते, हवेची तब्येत सांगत होते. आणि आम्ही मुलालाच नापास ठरवून मोकळे झालो होतो.

दुसरी गोष्ट आनंदाची. उन्हाळ्यात जपून, बेताने सराव केला तर शरीर दहा-चौदा दिवसांत उष्णतेला सरावते. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. ही कमाई उन्हाळ्यात घड्याळावर दिसत नाही. हवा निवली की दिसते. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करतो तेव्हा शेतात हिरवे पानही नसते, म्हणून काही त्याची मेहनत फुकट जात नाही. तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट भीतीची आहे, आणि ती लपवून चालणार नाही. उष्माघात हा कमजोरांनाच होतो असे नाही. उलट, जिद्दी मुलाला त्याचा धोका जास्त, कारण शरीर 'थांब' म्हणते तेव्हा तो थांबत नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटरच्या धावेत तरुण उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही दगावले. त्यानंतर शासनाने ते अंतर पाचवरून तीन किलोमीटरवर आणले. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरची धाव होती. तेथेही अनेक तरुणांचे प्राण गेले. ही मुले आळशी होती का? दुबळ्या मनाची होती का? मुळीच नाही. ती आपल्यासारख्याच घरांतली, नोकरीसाठी जिवाचे रान करणारी मुले होती.

उन्हाशी झुंज घेण्यातच पराक्रम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जगातल्या मोठ्या शर्यतींकडे पाहावे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ऑलिम्पिक झाले. तेथील मॅरेथॉन ऑगस्टच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. कमी पाण्यावर माणूस किती धावतो हे संयोजकांना पाहायचे होते. बत्तीस धावपटू सुटले आणि चौदाच पोहोचले. एकाच्या पोटात इतकी धूळ गेली होती, की तो मरता मरता वाचला. ही झाली सव्वाशे वर्षांपूर्वीची अडाणी समजूत.

आता अलीकडचे पाहा. २०१९ मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धा होती. उकाडा टाळण्यासाठी महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली. तरीही अडुसष्ट जणींपैकी अठ्ठावीस जणींना शर्यत सोडावी लागली. या जगातल्या निवडक धावपटू होत्या. आणि टोकियोच्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन तर टोकियोत झालीच नाही. तेथील उन्हाळ्याला भिऊन ती शेकडो किलोमीटर उत्तरेला, सप्पोरो शहरात नेली. २०२१ मध्ये तेथेही उष्मा वाढला, तेव्हा महिलांची शर्यत ठरल्या वेळेच्या एक तास आधी, सकाळी सहालाच सोडली. ऑलिम्पिकचे खेळाडू उन्हाला मान देतात, मग आमच्या वस्तीतल्या पोराने पाचच्या उन्हात का धावावे?

आता त्या निवृत्त जवानाविषयी. नोकरीत असताना त्यांनी कित्येक रिक्रूट घडवले आहेत. भाचा दवाखान्यात असतानाच ते एका पहाटे मैदानावर आले आणि मुलांना गोळा करून बसवले. प्रत्येकाच्या हातातले घड्याळ आणि मोबाईल त्यांनी एका पिशवीत टाकायला लावले. "मे महिन्यात वेळ नाही पाहायची. फक्त हजेरी लावायची," असे ते म्हणाले. मुलांना ते पटले नाही. पात्रता तर वेळेवर ठरते, मग वेळ न पाहता कसे चालेल? तेव्हा त्यांनी मुरमावर काडीने हिशोब मांडून दाखवला.

पाच किलोमीटर म्हणजे चारशे मीटरच्या साडेबारा फेऱ्या. चोवीस मिनिटांत त्या पुऱ्या करायच्या, तर एका फेरीला एक मिनिट पंचावन्न सेकंद. "हा वेग तुमच्यातला प्रत्येक जण एक फेरी आजच धावू शकतो," ते म्हणाले. "अडचण वेगाची नाही, टिकण्याची आहे. टिकणे हे रोजच्या सावकाश धावण्याने येते, आणि सावकाश धावायला घड्याळ लागत नाही."

त्यांनी घालून दिलेला आठवडा असा. चार दिवस सावकाश धावायचे, इतके सावकाश की शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता बोलता धाप लागली तर वेग कमी. एक दिवस नुसत्या चारशे मीटरच्या फेऱ्या, प्रत्येक फेरी नेमक्या वेगाने, मध्ये चालत विश्रांती. त्या दिवसापुरते घड्याळ पिशवीतून बाहेर. एक दिवस सर्वांनी मिळून लांबचे अंतर, रमतगमत. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण पाच किलोमीटरची वेळ तीन-चार आठवड्यांतून एकदाच लावायची, तीही उजाडण्याआधी, आणि वहीत लिहिताना शेजारी 'उकाडा' की 'गार' हे लिहायचे. डांबरी रस्ता टाळून मुरमावर धावायचे, म्हणजे गुडघे-नडग्या दुखत नाहीत. सूर्य वर आला की सराव बंद.

त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. तेथे वेळेप्रमाणे गुण मिळतात, म्हणून एकेक सेकंद मोलाचा. पण केंद्रीय दलांची धाव फक्त पात्रतेची आहे. अठरा मिनिटांत आलात तरी तेवढेच, तेवीस मिनिटे पन्नास सेकंदांत आलात तरी तेवढेच. म्हणून तेथे कोणाला हरवायचे नसते. पलीकडच्या गल्लीतल्या मुलाचे उदाहरण आम्ही दिले ते किती व्यर्थ होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

आता घराकडे वळू. हे सदर घराचे आहे, आणि आमच्या मते या सगळ्याचे मूळ घरातच आहे. जिद्द ही मुलाच्या छातीत असते असे आपण म्हणतो. पण पहाटे चारला उठायचे, तर रात्री नऊला डोळा लागला पाहिजे. टिनाच्या घरात, शेजारी टीव्ही चालू असताना आणि कूलरच्या टाकीत पाणी नसताना तो लागेल कसा? भाचा दवाखान्यातून आला तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे धावायला मनाई केली होती. पुढे आधी चालायचे, मग हळूहळू धावायचे. तो नाउमेद झाला होता. घरात कोणाशी बोलत नव्हता. त्या वेळी त्याला बहिणीने उभे केले, आम्ही नाही.

तिने काय केले? भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने खुणा करू लागली. तो पहाटे घराबाहेर पडला की त्या तारखेवर एक खूण. तो चालून आला तरी खूण, धावून आला तरी खूण. किती वेळ लागला हे तिने कधी विचारले नाही. तो गेला नाही त्या दिवसाची चौकट कोरी ठेवायची आणि एक शब्दही बोलायचे नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन चौकटी सलग कोऱ्या राहिल्या. चौथ्या दिवशी तो आपणहून उठला. आम्ही नंतर विचारले, तेव्हा म्हणाला, "मामाजी, आई काही बोलतच नाही. त्या कोऱ्या चौकटीकडं पाहवत नव्हतं."

वडिलांनीही आपला वाटा उचलला. रात्री साडेआठला टीव्ही बंद, आणि झोपण्याआधी कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी. ठिय्यावरून थकून आलेल्या माणसाने हे रोज करावे, ही लहान गोष्ट नाही. धाकट्या बहिणीने बाटली भरून ठेवण्याचे काम घेतले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळायचे. बाजारातल्या रंगीत पेयांची गरज नाही. खाण्याचे म्हणाल, तर धावून आल्यावर भिजवलेले चणे, गूळ-शेंगदाणे, दुपारी मठ्ठा आणि कांदा-भाकर. आपल्या घरात जे आहे त्यातच बळ आहे. ते वेळेवर मिळाले पाहिजे, एवढेच.

मुलींच्या बाबतीत अडचण निराळी. पहाटेच्या अंधारात एकट्या मुलीला मैदानावर कसे पाठवायचे, म्हणून कित्येक घरांत तिचा सराव सुटतो. किंवा मग ती उजाडल्यावर, सातनंतर जाते, तेव्हा ऊन चढलेले असते. आमच्या वस्तीत त्या उन्हाळ्यात चार आयांनी पाळी लावली. रोज दोघी जणी मुलींबरोबर मैदानावर जायच्या. मुली धावायच्या, आया कडेने चालायच्या. पंधरा दिवसांनी त्यांच्यातली एक हसत म्हणाली, "पोरगी भरती होवो न होवो, माझे गुडघे दुखायचे थांबले." ज्या घरी मुलगी धावते त्या घरातल्या बापाने आणि भावानेही ही पाळी घ्यायला काय हरकत आहे?

जूनच्या मध्यात निकाल लागला. भाच्याचा नंबर यादीत होता. त्याच्याबरोबर रोज धावणाऱ्या, त्याला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या मित्राचा नव्हता. चार दिवस तो मित्र मैदानावर दिसला नाही. पाचव्या दिवशी आला. भाच्याने त्याला काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. दोघे धावू लागले. पुढचे दोन महिने तो भाच्याच्या अर्धे पाऊल पुढे राहून वेग धरून धावला, साडेबाराच्या साडेबारा फेऱ्या. आम्ही एकदा न राहवून विचारले, "बेटा, तुझं नाव तर नाही आलं. मग?" तो म्हणाला, "मामाजी, मैदान तर पोलिसांचंही येणारच आहे. अन् याला एकट्याला कसं सोडू?"

पाऊस पडला, हवा निवली. जुलैच्या अखेरीस एका गार पहाटे जवानांनी पिशवीतून घड्याळ काढले. भाचा धावला आणि घड्याळात आले तेवीस मिनिटे पस्तीस सेकंद. त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. पुन्हा मोजा, फेरी चुकली असेल, असे तो म्हणू लागला. फेरी चुकली नव्हती. उन्हाळाभराची कमाई त्या दिवशी मोजली गेली. पुढे प्रत्यक्ष मैदानावरही तो वेळेत आला. आता पुढची निवड लेखी परीक्षेच्या गुणांवर आणि वैद्यकीय तपासणीवर. ती काय व्हायची ती होवो. नोकरी लागली तरच मुलाची मेहनत खरी, असे म्हणणे आम्ही आता सोडले आहे.

जाता जाता चार गोष्टी पुन्हा सांगतो. कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा.

धावण्याची वेळ उजाडण्याआधीची. धावण्याआधी पाणी पिऊनच निघायचे, आणि मैदानावर बाटली हवीच. ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण झाले असेल, तर त्या दिवशी सराव नाही.

एकट्याने धावायचे नाही. सोबती असेल तर मनही टिकते आणि जीवही वाचतो.

धावताना कोणी भलतेच बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आधी अंग थंड करा, बाकीचे नंतर.

आणि चौथी गोष्ट आम्हां मोठ्यांसाठी. मूल खाली मान घालून "मी मागे जाऊन राहिलो" असे सांगायला येते, तेव्हा ते सल्ला मागायला आलेले नसते. त्याला जवळ बसवा, जेवलास का म्हणून विचारा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याबरोबर मैदानापर्यंत चालत जा. आम्ही त्या संध्याकाळी एवढे केले असते, तर बहिणीला दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या नसत्या.

भाच्याच्या घरी २०२५ चे ते कॅलेंडर अजून खिळ्यालाच आहे. नवे आले तेव्हा बहिणीने ते जुन्यावरच अडकवले. मित्राच्या आईनेही आता आपल्या घरी एक कॅलेंडर लावले आहे. निळा पेन ती बहिणीकडूनच घेऊन गेली.